11-स्पीडच्या सायकलसाठी ट्रेनरवर 10-स्पीडची कॅसेट चालेल का?

तुम्ही विचारलंत की मागचं चाक काढून सायकल ज्यावर बसवतात त्या इनडोअर ट्रेनरवर घरातली 10-स्पीडची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा, म्हणजे कॉगचा संच) चालेल का, आणि 11-28 लावता येईल का. 10-स्पीडची चालणार नाही. तुमच्या सायकलला मागे 11-32 ची (सर्वात छोट्या कॉगला 11 दात, मोठ्याला 32) 11-स्पीड कॅसेट आहे, म्हणजे ट्रेनरवरही 11-स्पीडचीच हवी. घरात पडून असलेली 10-स्पीडची फ्रीहबवर (कॅसेट ज्यावर सरकवतात त्या खाचांच्या नळीवर) बसेल, पण तिच्या कॉगमधलं अंतर जास्त असतं आणि तुमचा शिफ्टर दर क्लिकला 11-स्पीडच्या हिशोबाने केबल ओढतो. एकदोन गिअर जुळतील, बाकीच्यांवर चेन खडखडत राहील.

दातांच्या बाबतीत मात्र एवढं काटेकोर राहायची गरज नाही. तुम्ही विचारलेली 11-28 खुशाल लावा. अर्ग मोडमध्ये (ठरवलेल्या वॅटवर चालवायचा मोड) वॅट ट्रेनरच सांभाळतो, तिथे कुठला गिअर आहे याने फारसा फरक पडत नाही. चढाच्या व्हर्च्युअल राइडमध्ये 32 ची उणीव जाणवेल, तेव्हा ॲपमध्ये ट्रेनर डिफिकल्टी (चढ किती जाणवावा याची सेटिंग) कमी करा. उलट बाजूने जपा: सायकलवरच्यापेक्षा मोठी कॅसेट लावली आणि चेन आखूड पडली, तर मोठी चेनरिंग आणि मोठा कॉग एकत्र आल्यावर डिरेलर (चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किंवा तो ज्याला लटकतो तो हँगर मोडू शकतो. म्हणून मी स्वतः दोन्हीकडे एकच रेंज ठेवतो.

आता स्पेसर, म्हणजे कॅसेटमागे घालायची पातळ कडी, कारण बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ट्रेनरवर शिमानोचा 11-स्पीड रोड फ्रीहब असेल तर तुमची 11-28 थेट बसते. 8, 9 किंवा 10-स्पीडच्या कॅसेटमागे 1.85 मिमीचा स्पेसर लागतो. गंमत म्हणजे शिमानोच्या 11-स्पीड 11-34 लाही तो लागतो! स्रॅमची 11-स्पीड रोड कॅसेट याच फ्रीहबवर चालते; त्यांच्या 12-स्पीड एएक्सएस रोड कॅसेटला मात्र बहुधा एक्सडीआर नावाचा वेगळा फ्रीहब लागतो.

बसवताना फ्रीहबवरची अरुंद खाच शोधा, कॉग त्या एकाच स्थितीत आत सरकतात. लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरून ठेवणारी कडी) 40 न्यूटन-मीटरला कसा. शेवटी करकर आवाज येतो, त्याला घाबरू नका. मग कॉग हाताने हलवून बघा. जरा जरी डुगडुगले तर स्पेसर राहिलाय.

सायकल चढवल्यावर गिअर थोडे चुकत असतील, तर बॅरल ॲडजस्टर (केबलचा ताण बदलणारा छोटा स्क्रू) पाव-पाव फेरा फिरवून बघा. आणि चेन किती ताणली गेली आहे ते आधीच गेजने मोजा, कारण झिजलेली चेन नव्या कॅसेटच्या छोट्या कॉगवर जोर लावला की घसरू शकते.