कोपऱ्यात मिळणाऱ्या दोन खिडक्यांना प्लँटेशन शटर बसवताना चौकटी थेट कोपऱ्यापर्यंत न्याव्यात का?

हॉलच्या कोपऱ्यात काटकोनात मिळणाऱ्या दोन खिडक्यांना शटर, म्हणजे चौकटीत फिरत्या रुंद आडव्या पट्ट्या असलेल्या झडपा, बसवायचे असून मध्ये फट राहू नये म्हणून दोन्ही चौकटी कोपऱ्याला भिडवाव्यात का, असे आपण विचारले आहे. भिडवू नयेत. नेरूळच्या आमच्या घरात नेमके हेच करून झाले आहे आणि त्याचा भुर्दंड मी भरला आहे.

आमच्या एका खिडकीचे तोंड पश्चिमेला आणि दुसरीचे दक्षिणेला आहे. पत्नीचे बंधू स्थापत्य अभियंता असल्याने माप घेण्याचा मान त्यांच्याकडे गेला. मी स्वतः तीस वर्षे आरेखक म्हणून काम केलेला मनुष्य, कोपऱ्याला आधी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून पाहू, असे मी सुचवले, तेव्हा “भावोजी, नकाशात नव्वद अंश आहेत, गुण्या कशाला?” असे म्हणून त्यांनी विषय संपवला. नकाशात असतात, गिलाव्यात नसतात. पुढे मी एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फुटांवर आणि दुसरीवर ४ फुटांवर खूण करून तिरपे अंतर मोजले, काटकोन असता तर ते नेमके ५ फूट भरले असते, पण ५ फूट पाऊण इंच भरले, म्हणजे कोन सुमारे दीड अंशाने फाकलेला होता.

खरा घोटाळा मात्र पट्ट्यांनी केला. ८९ मिलिमीटर रुंदीची पट्टी मध्यावर फिरते, त्यामुळे ती आडवी केली की निम्मी, म्हणजे सुमारे ४४ मिलिमीटर, खोलीच्या बाजूला येते. दोन्ही चौकटी कोपऱ्यात खेटून बसवलेल्या आणि पट्ट्या एकाच उंचीवर असल्याने त्या एकदम उघडल्या की एकमेकींवर आपटत, आणि पहिल्याच आठवड्यात चार पट्ट्यांच्या कडांचा रंग उडाला. त्यात बिजागऱ्याही कोपऱ्याकडे होत्या, त्यामुळे एक झडप उघडली की ती दुसरीच्या पुढ्यात येऊन उभी राही. मेहुण्यांच्या मते दोष कारागिराचा होता. कारागिराने दिलेल्या मापाबरहुकूम काम केले होते, हे मी तेव्हाही म्हटले होते आणि आजही म्हणतो.

शेवटी दोन्ही चौकटी आखूड करून घेतल्या, कोपऱ्यात दोन इंची चौरस उभा खांब बसवून त्या त्याला टेकवल्या, बिजागऱ्या कोपऱ्यापासून दूरच्या बाजूला नेल्या आणि भिंत फाकल्यामुळे उरलेली पाचरीसारखी फट खांबामागे सिलिकॉनने बुजवली. आपण हे पहिल्यापासूनच सांगावे. मेहुण्यांनी मागच्या वर्षी ठाण्यात, कोलशेतच्या घरातल्या तशाच कोपऱ्याला साधे पडदे लावले. कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

हे सर्व भिंतीवर बसवलेल्या चौकटींविषयी झाले. शटर खिडकीच्या खाचेत बसवणार असाल, तर रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सर्वांत लहान माप धरावे, आणि सरकत्या खिडकीचे हँडल किती पुढे येते ते आधी पाहावे, नाहीतर पट्ट्या त्यालाच अडतील. शटरऐवजी दोरीचे ब्लाइंड घेणार असाल, तर खांब लागत नाही. एकाची वरची पेटी भिंतीपर्यंत नेऊन दुसऱ्याची तिच्या जाडीइतकी आणि थोडी अधिक अलीकडे थांबवावी. आणि पावसाळ्यात झड आत येणाऱ्या खिडकीला लाकूड घेऊ नये, पीव्हीसी किंवा ॲल्युमिनियम घ्यावे. आमच्या पश्चिमेच्या पट्ट्या जुलैत फुगतात आणि त्या ऑक्टोबरपर्यंत नीट मिटत नाहीत.