कोलायटिसची शस्त्रक्रिया 'आपल्या लोकांना' मानवते का?

अमळनेरच्या ताईंनी विचारले आहे की, अल्सरेटिव्ह कोलायटिसमुळे (मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण येण्याचा दीर्घकालीन आजार) भावाचे मोठे आतडे काढण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु गोऱ्यांपेक्षा इतर वंशांच्या रुग्णांना या शस्त्रक्रियेचा त्रास जास्त होतो असे वाचल्याने घरचे कचरत आहेत. मी अकरा वर्षांपासून जे-पाऊच (मोठे आतडे काढल्यावर लहान आतड्यापासून शरीरात बनवलेली मलाची पिशवी) घेऊन भुसावळात राहत आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अमेरिकेतील अभ्यासांत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गुंतागुंत अधिक आढळल्याच्या नोंदी आहेत, हे खरे आहे. मात्र विमा नसणे, उशिरा दाखल होणे आणि ठरवून करायची शस्त्रक्रिया घाईने करावी लागणे, यांचा त्यात मोठा वाटा असतो. शिवाय लहान आतड्याची जे आकाराची पिशवी 1980 साली मांडली ती युत्सुनोमिया या जपानी शल्यविशारदांनी. तेव्हा ही गोऱ्यांच्याच देहाची शस्त्रक्रिया आहे, असे मानायला आधार नाही. (वंशाचा संबंध खरा दिसतो तो अझाथायोप्रिन या आजारात प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी देतात, त्या गोळीत: एनयूडीटी15 या जनुकातील बदलामुळे आशियाई रुग्णांपैकी काहींच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटतात.)

माझे नुकसान वंशाने नव्हे, चालढकलीने झाले. दोन वर्षे स्टेरॉइडवर काढली, हिमोग्लोबिन सातवर आले आणि शेवटी मध्यरात्री टेबलावर जावे लागले. त्या अवस्थेत पाऊच जोडणे धोक्याचे असल्याने दोनाऐवजी तीन टप्पे झाले, जखमही चिघळली.

त्यातच पोटावरची तात्पुरती पिशवी, म्हणजे इलिओस्टोमी (लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून बाहेर लावलेली मलाची पिशवी), नेमकी एप्रिल-मे महिन्यांत आली. पाणी आणि मीठ शोषणारे मोठे आतडेच नसल्यामुळे आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात शरीर किती वेगाने सुकते, याची मला कल्पना नव्हती. मी नुसते पाणी पीत राहिलो, त्याने पिशवी अधिकच भरू लागली. क्रिएटिनिन वाढले, म्हणजे मूत्रपिंडांवर ताण आला, आणि पुन्हा दाखल व्हावे लागले. ओआरएसने आणि मीठ घातलेल्या पेजेने सावरलो. आजार तेवढी वाट पाहू देत असेल, तर पिशवीचे महिने हिवाळ्यात येतील असे शल्यविशारदांशी बोलून पाहा.

आज दिवसातून सहा-सात वेळा शौचास जावे लागते. कळण्याची भाकरी चालते, भरीतही चालते. मिरची मात्र बाहेर पडताना आठवण करून देते. पाऊचला सूज, म्हणजे पाऊचायटिस, जवळपास निम्म्या रुग्णांना कधीतरी येतेच. मला दोनदा आली आणि प्रतिजैविकांनी बरी झाली.

ताई, शस्त्रक्रियेआधी बायोप्सीच्या काचा दुसऱ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या. आजार प्रत्यक्षात क्रोन्सचा (आतड्याच्या कोणत्याही भागाला सूज आणणारा वेगळा आजार) निघाला, तर पाऊच निकामी होण्याची शक्यता बरीच वाढते; आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयही तसाच भासतो.