डीपीएफ काढला गॅरेजवाल्याने, चलान आलं मालकाला

प्रश्न : माझी २०२१ ची बीएस ६ पिकअप आहे. सोलापुरात मार्केट यार्डातून शहरातल्या दुकानांना कांदा-बटाटा पोचवतो, गाडी मीच चालवतो. डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, सारखा चोक व्हायचा. अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजवाल्याने तो काढून बाहेरचा सायलेन्सर बसवला. "गाडीला जोर येईल, काही होत नाही," म्हणाला. जुना माल ठेवून घेतला आणि बिलात दीड हजार कमी केले. आता आवाज फार येतो, सात रस्त्याला ई-चलान झालं आणि पुढच्या महिन्यात आरटीओची फिटनेस तपासणी आहे. काय करू?

उत्तर : आधी चलानावरचं कलम बघा. मोटार वाहन कायद्याचं १८२ अ (४) असेल, तर ते गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकासाठी आहे : सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही. यावर थोडा वाद घालता येतो, कारण कलम ५२ मध्ये 'बदल' म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला बदल. नुसता सायलेन्सर त्यात बसतो का? पण १९० (२) लावलं असेल, तर मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. आवाज आणि धुराचे नियम मोडून गाडी चालवणं, एवढंच त्यात पाहतात. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. दहा हजार कसेही उभे राहतील. तीन महिने स्टिअरिंग सुटलं तर यार्डातली गिऱ्हाइकं दुसरा गाडीवाला धरतील.

"गॅरेजवाल्याने केलं" हे उत्तर तिथे चालत नाही. गाडी तुमची, चालवणारे तुम्हीच.

म्हणून फिटनेसच्या आधी कंपनीच्या दर्जाचा सायलेन्सर आणि डीपीएफ परत बसवा. जुना खराब झाला म्हणून तसाच नवा टाकणं हा गुन्हा नाही. पक्कं बिल आणि फोटो जपून ठेवा, चलानाच्या सुनावणीत तेच कामी येतील. डीपीएफ चोक का होतो, हेही समजून घ्या : आतली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो आणि यार्डाच्या रांगेत तो तापत नाही. अधूनमधून पुणे हायवेला मोहोळपर्यंत गाडी पळवली, तर खर्च डिझेलचाच.

आता गॅरेजवाला. गाडी धंद्याची असली तरी पोट भरण्यासाठी स्वतः चालवता, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही ग्राहक ठरता. दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण डीपीएफ काढायला तुम्हीही मान डोलावली होती, हा मुद्दा तो काढणारच. "काही होत नाही" हे व्हॉट्सअॅपवर कुठे लिहिलेलं किंवा बोललेलं असेल, तर डिलीट करू नका. बिल कच्चं असलं तरी यूपीआयची नोंद असेलच.

आधी स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. त्या जुन्या मालात प्लॅटिनमसारखे महाग धातू असतात, गॅरेजवाल्याने तो उगाच ठेवून घेतलेला नाही. दीड हजार तुम्ही कबूल केलेत, त्यामुळे बाजू थोडी लंगडी आहे. तरी जुना माल परत मागा. "कधीच विकला" असं उत्तर आलं, तर कुणाला आणि केवढ्याला, हे लेखी विचारा.