नुसत्या बेरजेवर जाऊ नकोस

चिनी शाळकरी मुलांना करिअर निवडताना येणाऱ्या अडचणी मोजायच्या, तर लगेच नवी प्रश्नावली बनवायच्या फंदात पडू नकोस. गाती, क्राउझ आणि ओसिपो या मानसशास्त्रज्ञांची करिअर-निर्णयातल्या अडचणी मोजणारी 1996 ची प्रश्नावली आहेच. तिच्या 34 विधानांच्या आवृत्तीत 1 ते 9 गुण आणि तीन गट आहेत: तयारीचा अभाव, माहितीचा अभाव, विसंगत माहिती. त्यातली दोन विधानं मुलं लक्ष देऊन उत्तरं देतात का, एवढंच तपासतात. ती बेरजेत धरू नकोस.

खरी गोम वेगळीच आहे. गाओकाओची (चीनमधल्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेची) 3+1+2 पद्धत, म्हणजे तीन सक्तीचे विषय आणि बाकीचे निवडीचे, आलेल्या प्रांतांत भौतिकशास्त्र की इतिहास, हे मुलांना परीक्षेच्या बरंच आधी ठरवावं लागतं. मग उरलेल्या चारांतून दोन विषय. म्हणून ‘निर्णय’ विषयाचा, विद्यापीठाचा की नोकरीचा, हे सूचनेतच लिही.

विसंगत माहितीच्या गटात आईवडिलांशी मतभेदाचे गुण कमी आले, तर हुरळू नकोस. निर्णय घरच्यांवर सोपवलेल्या मुलाचेही ते कमीच येऊ शकतात. शांघाय महानगर आणि वायव्येकडचा गान्सू प्रांत यांच्या सरासऱ्या शेजारी मांडण्याआधी दोन्हीकडे प्रश्नावली एकच गोष्ट मोजते का, ते तपास. आणि हाँगकाँगची आवृत्ती नुसती लिपी बदलून (पारंपरिक चिनीची सोपी चिनी करून) चीनच्या मुख्य भूमीवर वापरणं टाळ.