कोल्हापुरातील घरासाठी बाहेरचे कॅमेरे : आधी अंतर मोजावे, मग कॅमेरा ठरवावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : कळंबा रस्त्यालगत आई-वडिलांचे बैठे घर आहे, दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, आपण नोकरीनिमित्त पुण्यात असता. एका दुकानदाराने ५ मेगापिक्सेलच्या, एकाच २.८ मिलिमीटर लेन्सच्या आठ कॅमेऱ्यांचा संच सुचवला आहे. तो घ्यावा, की वायफायवर चालणारे सौर कॅमेरे घ्यावेत, आणि कंपनी कोणती निवडावी, हे आपल्याला ठरवायचे आहे. घराचे मोजमापही आपण दिले आहे : फाटकापासून पोर्चपर्यंत २८ फूट, डाव्या अंगाला ४ फुटांची बोळ, मागे परडे आणि परड्यात बोअरची मोटर.

माझे मत असे की आठ कॅमेऱ्यांची गरज नाही, चार पुरेत. मात्र ते चार एकसारखे असता कामा नयेत. कंपनीचा विचार सर्वांत शेवटी करावा. आधी प्रत्येक जागेबद्दल स्वतःला एकच प्रश्न विचारावा : इथून मला माणसाचा चेहरा ओळखायचा आहे, की इथे कोणीतरी आले एवढेच कळायचे आहे? या दोन कामांसाठी लागणारे कॅमेरे वेगळे असतात.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आमचे घर रंकाळ्याच्या मागच्या अंगाला आहे. २०१८ साली आमच्या दारातून दुचाकी चोरीला गेली, तेव्हा घराला चार कॅमेरे होते आणि चारही व्यवस्थित चालू होते. पहाटेच्या चित्रणात माणूस आलेला दिसतो, हँडल मोडताना दिसतो, गाडी ढकलत नेताना दिसतो. पण दिसतो तो फक्त टोपीचा माथा आणि खांदे, कारण कॅमेरा वरच्या मजल्याच्या छज्जाखाली सोळा फुटांवर लावलेला होता. सोबतीला जी दुसरी गाडी होती, तिच्या नंबरप्लेटच्या जागी पांढराशुभ्र चौकोन होता. पोलीस ठाण्यात ते चित्रण मी चार वेळा दाखवले आणि चारही वेळा उत्तर एकच मिळाले : यात चेहरा कुठे आहे? त्यानंतर मी हा विषय मुळातून समजून घेतला.

मेगापिक्सेलचा आकडा पूर्ण चित्राचा असतो. आपल्या उपयोगाचा आकडा वेगळा असतो, तो म्हणजे ज्या जागी माणूस उभा आहे तिथे दर मीटर रुंदीला किती पिक्सेल मिळतात हा. आयईसी ६२६७६-४ या आंतरराष्ट्रीय मानकात ही गणती दिलेली आहे. अनोळखी माणसाची ओळख पटण्यासाठी दर मीटरला २५० पिक्सेल, ओळखीच्या माणसाला ओळखण्यासाठी १२५ आणि कोणीतरी आहे एवढे कळण्यासाठी २५ पिक्सेल पुरतात. आता २ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र १९२० पिक्सेल रुंद असते. २.८ मिलिमीटरची लेन्स साधारण १०० ते ११० अंशांचा पसारा दाखवते, त्यामुळे तिच्यातून अनोळखी चेहरा जेमतेम १० फुटांपर्यंत ओळखू येतो. ४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २५६० पिक्सेल रुंदीचा कॅमेरा घेऊन लेन्स तीच ठेवली, तर हे अंतर १३-१४ फुटांवर जाते. पण त्याच ४ मेगापिक्सेलला ६ मिलिमीटरची, म्हणजे पसारा कमी पण लांबचे मोठे दाखवणारी लेन्स असेल, तर ते ३० फुटांच्या पलीकडे पोहोचते. थोडक्यात, आपल्या २८ फुटांवरच्या फाटकासाठी दुकानदाराने सांगितलेला ५ मेगापिक्सेलचा रुंद कॅमेरा कमी पडेल आणि ४ मेगापिक्सेलचा अरुंद कॅमेरा काम करेल. मॉडेलनुसार या आकड्यांत थोडा फरक पडतो, पण हिशेबाची रीत बदलत नाही.

म्हणून माझी मांडणी अशी राहील. पोर्चच्या खांबावर, फाटकाकडे तोंड करून, ४ मेगापिक्सेलचा ६ मिलिमीटर लेन्सचा एक कॅमेरा. त्याच पोर्चमध्ये अंगण आणि गाडीची जागा दिसावी म्हणून २.८ मिलिमीटरचा दुसरा. बोळीसाठी ४ मिलिमीटरचा तिसरा, आणि तो आडवा न लावता उभा फिरवून लावावा. बहुतेक चांगल्या कॅमेऱ्यांच्या सेटिंगमध्ये चित्र ९० अंशांत फिरवण्याची सोय असते, आणि लांबट अरुंद बोळीत त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंती दिसण्याऐवजी बोळ पूर्ण लांबीने दिसते. चौथा परड्यात, मोटर आणि मागचे दार एकाच चौकटीत येतील असा. उंची आठ ते नऊ फूट ठेवावी. कॅमेरा हाताशी येईल या भीतीने लोक तो बारा-पंधरा फुटांवर चढवतात आणि मग टोप्या मोजत बसण्याची वेळ येते. भीती वाटत असेल तर आयके १० दर्जाचे, म्हणजे २० जूलचा आघात सोसणारे आवरण घ्यावे आणि फाटकाचा कॅमेरा अंगणाच्या कॅमेऱ्याच्या नजरेत राहील असा लावावा.

रात्रीच्या चित्राबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांची निराशा इथेच होते. अंधारात कॅमेरा स्वतःचा अवरक्त प्रकाश टाकतो आणि चित्र काळे-पांढरे होते. हा प्रकाश जवळच्या वस्तूवर आधी आपटतो. कॅमेऱ्याच्या बाजूला दोन इंचांवर भिंत किंवा पन्हाळ असेल, तर तेवढाच भाग झगझगीत होतो आणि बाकीचे अंगण काळोखात बुडते. नंबरप्लेट परावर्तक असल्यामुळे ती पांढरी पडते, माझ्या चित्रणात घडले ते हेच. आणि कोळी! दिवे थोडे उबदार असतात, त्यांच्याभोवती किडे जमतात आणि किड्यांमागे कोळी येतो. लेन्ससमोर त्याने एक धागा ताणला की रात्री तो धागा जाड पांढऱ्या दोरीसारखा चित्रभर हलत राहतो आणि मोबाइलवर रात्रभर सूचना येत राहतात. आमच्याकडे एका रात्रीत इतक्या सूचना आल्या की घरातल्यांनी सूचना कायमच्या बंद केल्या, आणि बंद सूचनांचा कॅमेरा म्हणजे चोरी झाल्यावर पाहायचे चित्र. यावर दोन उपाय आहेत. एक, माणूस आणि वाहन वेगळे ओळखणारा कॅमेरा घ्यावा आणि सूचना फक्त माणसासाठी, आणि तोही चित्रात फाटकाच्या आत आखलेली रेषा ओलांडेल तेव्हाच, अशी ठेवावी. दोन, दर पंधरा दिवसांनी लांब दांड्याच्या मऊ कुंच्याने कॅमेऱ्याभोवतीची कोळिष्टके काढावीत. हे काम आई-वडिलांवर टाकू नये, घरी कामाला येणाऱ्या माणसाला सांगून ठेवावे.

पोर्चपुरता माझा आग्रह वेगळा आहे. तिथे रात्रीही रंगीत चित्र देणारा, एफ १.० इतक्या मोठ्या छिद्राच्या, म्हणजे जास्त उजेड आत घेणाऱ्या लेन्सचा कॅमेरा घ्यावा आणि एक साधा ९ वॅटचा एलईडी दिवा रात्रभर चालू ठेवावा. कपड्याचा आणि गाडीचा रंग कळणे तपासात फार उपयोगी पडते. शिवाय उजेडाचे दार चोरही टाळतो. आपले घर पूर्वेकडे तोंड करून असेल, तर सकाळच्या उन्हात फाटकावरचा माणूस काळी सावली होऊन दिसेल. त्यासाठी खरा, १२० डेसिबलचा डब्ल्यूडीआर, म्हणजे एकाच चित्रात झगझगीत ऊन आणि सावली दोन्ही सांभाळण्याची सोय, आहे का हे माहितीपत्रकात पाहून घ्यावे. ‘डिजिटल डब्ल्यूडीआर’ म्हणजे तो नव्हे.

आता पावसाकडे वळतो. आपल्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत जी झड लागते, तिच्यात कॅमेरा स्वतः क्वचित मरतो, मरतो तो त्याच्या केबलचा जोड. आयपी ६७ म्हणजे धूळ पूर्ण रोखणारा आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारा. पण हा दर्जा कॅमेऱ्याच्या देहाला असतो, मागे लोंबणाऱ्या केबलच्या शेपटीला नसतो. खोक्यात त्या जोडासाठी रबरी वायसरसह प्लास्टिकची टोपी येते आणि बसवणारा माणूस घाईत ती खोक्यातच टाकून जातो. आमच्या परड्यातला पहिला कॅमेरा असाच गेला. जोड उघडला तेव्हा आतल्या आठही पितळी पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर होता आणि केबल तिरकी केल्यावर तिच्यातून पाण्याचे थेंब पडले. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यामागे बंद डबा असावा, केबल त्यात खालून शिरावी, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे केबलीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकून जाईल.

केबलचीही परीक्षा घ्यावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल स्वस्तात मिळते आणि संचांच्या दरात अनेकदा तीच धरलेली असते. एक तार सोलून ब्लेडने खरवडावी. आतून पांढरी निघाली तर परत करावी. मी सुचवलेल्या रचनेत एकाच कॅट ६ नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जाते, तिची मर्यादा १०० मीटर आहे, आणि ॲल्युमिनियमच्या तारेत विजेची घट जास्त होते. रात्री कॅमेऱ्याचे दिवे पेटले की तो बंद पडतो, असा जो अनुभव पुष्कळांना येतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

वळवाच्या विजांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत एका कडकडाटाने माझ्या रेकॉर्डरचे दोन पोर्ट जळाले. गॅरेजपर्यंत उघड्यावरून नेलेली केबल त्याला कारण होती. केबल शक्यतो भिंतीलगत नळीतून न्यावी, उघड्यावरून नेणे भाग असेल तर दोन्ही टोकांना सर्ज संरक्षक, म्हणजे विजेचा झटका जमिनीत उतरवणारे उपकरण, बसवावा, आणि घराचे अर्थिंग आधी वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण अर्थिंग नसेल तर तो संरक्षक निरुपयोगी आहे. चार कॅमेरे, रेकॉर्डर, कॅमेऱ्यांच्या केबली एकत्र जोडणारा नेटवर्क स्विच आणि राउटर मिळून साधारण ५० वॅट लागतात. घरच्या १५० एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर एवढा भार जवळपास दिवसभर चालतो. महावितरणची वीज जाते त्याच वादळी रात्री कॅमेऱ्याची खरी गरज असते, म्हणून हे चारही घटक इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. राउटर हमखास विसरला जातो.

सौर, बॅटरीवरचे कॅमेरे मी या घरासाठी सुचवणार नाही. ते सतत चित्रण करत नाहीत, हालचाल जाणवली की जागे होतात आणि पहिले एक-दोन क्षण निसटतात. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा बॅटरी भरणार कशी? वीज नसलेल्या शेतातल्या मोटरीसाठी ते ठीक आहेत, तिथे दुसरा पर्यायच नसतो.

साठवणुकीचा हिशेब सोपा आहे. ४ मेगापिक्सेलचे चित्र एच.२६५ या चित्रण दाबून साठवण्याच्या पद्धतीने सेकंदाला ३ मेगाबिट धरले, तर एका कॅमेऱ्याला दिवसाला सुमारे ३२ गिगाबाइट लागतात. चार कॅमेऱ्यांसाठी ४ टेराबाइटची डिस्क महिनाभर पुरते. परड्यातली चोरी उशिरा लक्षात येते, म्हणून महिना हवाच. डिस्क कॅमेरा-चित्रणासाठी बनवलेल्या जातीची घ्यावी. रेकॉर्डर टीव्हीशेजारी ठेवू नये, आतल्या खोलीत कुलपात ठेवावा. नदीकाठच्या वस्तीतल्या वाचकांनी तो माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावरच ठेवावा, २०१९ आणि २०२१ च्या महापुराचे पाणी आपण सर्वांनी पाहिले आहे.

कंपनीच्या बाबतीत दोन अटी पुरेत. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना केंद्र सरकारने ठरवलेल्या सायबर सुरक्षेच्या चाचण्या बंधनकारक आहेत, तेव्हा खोक्यावरचा बीआयएसचा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तपासावा आणि त्या मॉडेलला ती सुरक्षा चाचणी झाल्याचे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. दुसरे, ऑनव्हिफ या, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणाऱ्या मानकाचा कॅमेरा घ्यावा, म्हणजे उद्या एक बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा लावता येतो. बसवून झाल्यावर मूळ पासवर्ड दुकानदारासमोरच बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरचे लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून. पुण्यातून पाहण्यासाठी राउटरचे दार उघडून देण्याची, म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंगची, गरज नसते. कोणी तसे करू लागला तर थांबवावे.

बोळीचा कॅमेरा लावण्यापूर्वी शेजाऱ्यांशी बोलावे. त्यांची खिडकी चौकटीत येत असेल तर तेवढा भाग ‘प्रायव्हसी मास्क’ने झाकून त्यांना पडद्यावर दाखवावा. आमच्या शेजारच्या काकूंना मी तसे दाखवले, आणि आता आम्ही गावाला गेलो की आमच्या फाटकाकडे लक्ष त्याच ठेवतात.

दुर्दैवाने पुरावा द्यावा लागलाच, तर चित्रण व्हॉट्सॲपवरून पाठवू नये, तिथे ते आकसते. रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर उतरवावी आणि डिस्कवरचे मूळ चित्रण पुसले जाऊ देऊ नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये बदल झालेला नाही हे पडताळण्याचा सांकेतिक आकडा, द्यावे लागते. रेकॉर्डरचे घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळत राहील अशी सेटिंग पहिल्याच दिवशी करावी, नाहीतर चोरीची वेळ आणि चित्रातली वेळ यांचा मेळ बसत नाही.

परड्याच्या मागच्या भिंतीपासून मागच्या दारापर्यंतचे अंतर आपण आराखड्यात दिलेले नाही. ते फुटांत कळवावे, आणि मोटर नेमकी कोणत्या कोपऱ्यात आहे तेही सांगावे, म्हणजे चौथ्या कॅमेऱ्याला ४ मिलिमीटरची लेन्स पुरेल की ६ ची घ्यावी लागेल, ते सांगता येईल.