स्वतःचं छोटं विमान उडवणं अमेरिकेत स्वस्त आणि युरोपात महाग का?

मुख्यतः इंधनावरचा कर आणि विमानतळांचं शुल्क यांमुळे. सेस्ना १७२ सारखं चार आसनी विमान तासाला ३०-३५ लिटर एव्हगॅस (छोट्या विमानांचं पेट्रोल) पितं. अमेरिकेत त्यावर केंद्रीय कर गॅलनमागे जेमतेम १९.४ सेंट. शिवाय बहुतेक छोट्या सार्वजनिक विमानतळांवर उतरायला पैसे पडत नाहीत आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या सेवेचं वेगळं बिल येत नाही. ब्रिटन-जर्मनीत मात्र गवताच्या धावपट्टीवरही बऱ्याच ठिकाणी लँडिंग फी असते. टेकवायचं आणि लगेच पुन्हा उडायचं, असा सराव करणाऱ्या शिकाऊ वैमानिकाला ती फार जाचते, आणि मला हाच सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. एक लक्षात घ्या: हँगरचं (विमान ठेवायच्या शेडचं) भाडं, विमा आणि वार्षिक तपासणी कुठेच चुकत नाही. वर्षाला मोजकेच तास उडणार असाल, तर अमेरिकेतही विमान विकत घेण्यापेक्षा फ्लाइंग क्लबचं भाड्याने घेतलेलं परवडतं.