यंत्र-शंका : बुंधे काढायला कोणता मिनी पोकलेन?

प्रश्न : राजापूर तालुक्यात आमची जुनी काजू-आंब्याची बाग आहे. रोठ्याने (खोड-मुळे पोखरणाऱ्या किडीने) मेलेली साठेक काजूची झाडे तोडली. बुंधे 25 ते 35 सेंटिमीटर जाडीचे आहेत. शिवाय रायवळ आंब्याचे पाच बुंधे 60 ते 70 सेंटिमीटरचे. मधल्या ओळींत कलमे उभी आहेत. बागेत यायची वाट दोन्ही बाजूंनी जांभ्याचा गडगा असलेली, साडेसहा फुटांची. मोठा जेसीबी आत येत नाही. 1.7 टनी, 3.5 टनी आणि 5 टनी असे तीन मिनी पोकलेन सुचवले गेले आहेत. कोणता घ्यावा? विकत घ्यावा की भाड्याने?

उत्तर : अर्धा निकाल तुमच्या वाटेनेच लावला आहे. 5 टनी यंत्र चेनच्या बाहेरच्या कडांपर्यंत 1.95 ते 2 मीटर रुंद असते आणि साडेसहा फूट म्हणजे 1.98 मीटर. ते गडगा पाडल्याशिवाय आत येणार नाही. 3.5 टनी यंत्राची रुंदी साधारण 1.55 ते 1.7 मीटर. ते येईल, पण वाट सरळ भागात न मोजता वळणावर मोजा. वळताना यंत्राची पाठ चेनच्या बाहेर जाते आणि गडग्याला घासते. त्यासाठी पाठ चेनच्या रुंदीतच फिरणारे, म्हणजे झीरो टेल स्विंगचे यंत्र मागा. उभ्या कलमांमध्ये काम करताना तर ते हवेच. त्याच वजनाच्या साध्या यंत्रापेक्षा त्याचा तोल थोडा कमी असतो, म्हणून बाजूला भार उचलताना हात लांबवून उचलू नये.

आता 1.7 टनीचे. ते एक मीटरच्या फटीतूनही जाते, छोट्या ट्रकवर बसते, भाडेही कमी. पण बकेटच्या दाताशी त्याचा जोर 15-16 किलोन्यूटन, म्हणजे दीड टनाच्या आसपास. 3.5 टनीचा साधारण 30 किलोन्यूटन, जवळजवळ दुप्पट. शिवाय मूळ तुटण्याआधी यंत्र स्वतः उचलले जाऊ नये, यासाठी वजनच कामाला येते. हलके यंत्र काजूचा 20 सेंटिमीटरचा बुंधा काढेल, 35 सेंटिमीटरच्या बुंध्याशी मात्र पुढची बाजू उचलून आदळत राहील. ही आदळआपट सांध्यांच्या पिना, त्यांचे बुश आणि बूमच्या (यंत्राच्या मुख्य हाताच्या) वेल्डिंगवर जाते. माहितीपत्रकात हॉर्सपॉवरपेक्षा बकेटचा आणि आर्मचा (बूम आणि बकेट यांच्यामधल्या हाताचा), असे दोन्ही जोर पाहा. मूळ आपल्याकडे ओढताना आर्मचा जोर लागतो आणि तो बकेटच्या जोरापेक्षा बराच कमी असतो.

तुमच्यासाठी 3.5 टनीच योग्य. आंब्याच्या बुंध्यांचे वजन मात्र आधी समजून घ्या. 60 सेंटिमीटर जाडीचे आणि 1.2 मीटर उंचीचे ओले खोड सव्वातीनशे किलोच्या घरात जाते. त्याखालचा मुळांचा गड्डा दीड मीटर व्यासाचा आणि 70 सेंटिमीटर खोल धरला, तर मातीसकट तो एकटाच दोन टनांचा. 3.5 टनी यंत्र दोन-अडीच मीटरवर एवढा भार उचलू शकत नाही. माती झाडून, मुळे एकेक तोडून, बुंधा फोडूनच तो निघतो. त्याला अडीच-तीन तास धरा. काजूचा एक बुंधा, खड्डा बुजवण्यासह, 20 ते 30 मिनिटांत होतो. म्हणजे काजूचे 20 ते 30 तास, आंब्याचे 15 आणि वर हलवाहलव, असे 45-50 तासांचे काम. एवढ्यासाठी यंत्र विकत घेऊ नका. वर्षाला चारशे-पाचशे तास काम मिळण्याची खात्री असेल, म्हणजे खड्डे, चर, पाइपलाइन, शेजाऱ्यांची कामे हाताशी असतील, तरच खरेदीचा विचार करावा.

भाड्याने घेताना तास यंत्राच्या अवर मीटरवर मोजायचे की घड्याळावर, डिझेल कोणाचे, ने-आण कोणाची हे आधी ठरवा. 3.5 टनी यंत्र तासाला तीन ते चार लिटर डिझेल घेते. आणखी एक गोष्ट फोनवरच विचारा : बकेट कोणती येणार? भाड्याच्या यंत्राला बहुधा 18 ते 24 इंची बकेट असते. ती माती उपसायला चांगली, पण मुळावर जोर चार-पाच दातांत विभागला जातो. 12 इंची बकेट हवी आणि शक्यतो एकदाती रिपर, म्हणजे बकेटच्या जागी लावायचा एकच जाड दात. जांभ्याच्या फटीत शिरलेले मूळ रिपरनेच निघते. बुंधा पकडायला थंब (बकेटसमोरचा अंगठा) असेल तर उत्तम. हायड्रॉलिक थंबला तेलाची वेगळी नळी (ऑक्झिलरी लाइन) लागते, ती यंत्रावर आहे का पाहा.

काम करण्याची रीत अशी. झाड तोडतानाच खोड कमरेएवढे, एक ते सव्वा मीटर ठेवायला हवे. जमिनीसरशी कापलेल्या बुंध्याला तरफ उरत नाही आणि वेळ दीडपट लागतो. उरलेली झाडे तोडायची असतील तर कापणाऱ्याला हे आवर्जून सांगा. मग यंत्र सपाटीवर उभे करून ब्लेड (माती ढकलायचे खालचे पाते) कामाच्या बाजूला घ्या आणि जमिनीत टेकवा. ब्लेड आणि चर यांत किमान दोन फूट अंतर असू द्या, नाहीतर चराची कड ढासळून यंत्र आत कलते. काजूच्या बुंध्यापासून 60-75 सेंटिमीटरवर, 45 ते 60 सेंटिमीटर खोल चर तीन बाजूंनी काढा. आडवी मुळे इथेच तुटतात. मनगटाएवढे मूळ बकेट सहज तोडते. 8-10 सेंटिमीटरच्या पुढचे मूळ ओढत बसू नका. माती काढून ते उघडे करा, पाण्याने धुवा आणि करवतीने कापा. मातीत चालवलेली चेनसॉची साखळी काही मिनिटांत बोथट होते. माणूस चरात उतरण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद झाले पाहिजे, याला अपवाद नाही.

आडवी मुळे सुटली की खोडाच्या वरच्या टोकाला यंत्राने पुढे ढकला आणि मग मागे ओढा. दोन-चार हेलकाव्यांत सोटमूळ सैल होते. खोड घसरून बकेट सिलिंडरच्या चकचकीत रॉडवर येणार नाही याकडे ऑपरेटरचे लक्ष हवे; तो रॉड वाकला की काम तिथेच थांबते. शेवटी चराच्या तळातून बकेटचे दात बुंध्याखाली घालून उचला. अडकलेला बुंधा सोडवायला केबिन बाजूला फिरवून झटके देणारे ऑपरेटर खूप आहेत. तसे करू देऊ नका. बाजूचा झटका केबिन ज्यावर फिरते त्या स्विंग बेअरिंगच्या दातांवर जातो आणि त्याची दुरुस्ती मिनी पोकलेनच्या महागड्या दुरुस्त्यांपैकी एक आहे. किंग-पोस्टवरून (बूमच्या बुडाच्या उभ्या सांध्यावरून) बूम बाजूला वळवलेली असताना उपटणेही तितकेच वाईट. गडग्यालगत चर खणण्यापुरतीच ती सोय वापरावी.

महिना नोव्हेंबर-डिसेंबरचा पकडा. माती ओलसर असते, पण चेन रुतत नाही. एप्रिलमध्ये जांभी माती दगडासारखी होते, तेव्हा हेच काम जास्त डिझेल आणि जास्त दात खाते.

रोठ्याने मेलेल्या काजूचे बुंधे मात्र टाळाटाळ न करता काढाच. रोठ्याची अळी खोडाच्या बुडातून मुळांत शिरते आणि झाड मेल्यावरही आत राहते; तिथूनच भुंगेरे बाहेर पडून शेजारच्या झाडांवर जातात. काढलेले बुंधे बांधावर रचून ठेवले तर सगळा खर्च फुकट. फोडून, आतल्या अळ्या-कोष मारून, मुळांसकट जाळा. नवे कलम त्याच खड्ड्यात लावू नका. भुसभुशीत भराव पहिल्या पावसात बसतो आणि कलमाचा जोड मातीखाली जातो. दोन जुन्या जागांच्या मध्ये, काजूसाठी 60 सेंटिमीटरचा खड्डा याच यंत्राकडून काढून घ्या.

आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ ही झाडे महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. तुमच्या रायवळ आंब्यांच्या तोडपरवानगीची प्रत यंत्र येईल त्या दिवशी जवळ ठेवा.

प्रश्न : चंदगड भागात वापरलेला 3 टनी मिनी पोकलेन मिळतो आहे. मीटरवर 4,200 तास. रबरी चेन आहेत आणि मालक म्हणतो की चेन अधूनमधून उतरते. घ्यावा का? काय तपासावे?

उत्तर : चेन उतरणे या एका कारणासाठी सौदा सोडू नका, पण ती का उतरते ते शोधल्याशिवाय पैसे देऊ नका. बूम आणि ब्लेडने एक बाजू उचला. चेनच्या मधोमध खालचा रोलर आणि चेन यांतले अंतर मोजा. या आकाराच्या यंत्रात ते बहुधा 10 ते 20 मिलिमीटर असते. नेमका आकडा त्या यंत्राच्या पुस्तिकेत असतो. जास्त असेल तर ग्रीस भरून ताण वाढवा आणि दोन तास चालवून पुन्हा मोजा. ताण पुन्हा कमी झाला असेल तर टेन्शन सिलिंडरचे सील गेले आहे, तो खर्च किमतीतून वजा करायला लावा. ताण टिकत असेल, तर दोष चालवण्यात असू शकतो : बुंध्यांच्या खुंटांवर चढून जागच्या जागी गिरकी घेतली की रबरी चेन उतरतेच. चेन सैल करताना ग्रीसचा व्हॉल्व्ह सावकाश, एका फेऱ्यापेक्षा जास्त न फिरवता उघडा आणि तोंड त्याच्या समोर नेऊ नका. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असते. व्हॉल्व्ह सुटून उडाला तर जीवघेणी इजा होते.

रबरात आतली पोलादी तार दिसेल इतकी चीर असेल तर ती चेन फार टिकणार नाही. पाणी शिरून तार गंजते. स्प्रॉकेटचे (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचे) दात आकड्यासारखे वाकडे-टोकदार झाले असतील, तर नुसती नवी चेन घालून उपयोग नाही.

यंत्र थंड असताना चालवून दाखवले तर थांबा. अर्धा तास काम करायला लावा, हायड्रॉलिक तेल तापू द्या. थकलेला पंप गरम झाल्यावरच उघडा पडतो : बूम उचलणे आणि यंत्र पुढे चालवणे एकत्र केले की यंत्र मंदावते. मग भरलेली बकेट वर धरून इंजिन बंद करा, दहा मिनिटे थांबा. बूम चार बोटांहून जास्त खाली आली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. बकेट जमिनीपासून वीतभर उचलून पहारीने वर-खाली हलवा. पिनेतली ढिलाई दोन-तीन मिलिमीटर चालेल, पाचच्या पुढे असेल तर नवे बुश लागतील. स्विंग बेअरिंगसाठी बकेट जमिनीत दाबून यंत्राची पुढची बाजू किंचित उचला आणि सोडा. वरचा सांगाडा आणि बेअरिंग यांच्यातली फट उघडझाप करताना दिसली, तर हा सौदा सोडून द्या. तासांचा मीटर बदलता येतो. लिव्हरच्या मुठी, पेडलचे रबर आणि सीट पाहा. 4,200 तास त्यांच्यावर दिसले पाहिजेत, 9,000 तास दिसता कामा नयेत.

तुमच्या भागात कातळ जास्त असेल तर पुढची खरेदी पोलादी चेनचीच करा. बागेची जमीन ती जास्त उकरते आणि डांबरी रस्त्यावर चालवता येत नाही, पण जांभ्याच्या धारेवर रबर टिकत नाही.

प्रश्न : मालवणजवळ नारळाची बाग. गॅनोडर्मा बुरशीने दोन माड गेले. बुंधे काढायला 1.7 टनी यंत्र पुरेल का?

उत्तर : पुरेल. माडाला सोटमूळ नसते. बोटाएवढी असंख्य मुळे असतात आणि वाळूमिश्रित जमिनीत लहान यंत्रही ती तोडते. खोड दीड मीटर ठेवा, दोन बाजूंनी मुळे तोडा आणि आडवे करा. बुंधा आणि मुळे जागेवरच जाळा, बकेटला चिकटलेली माती धुऊनच यंत्र निरोगी माडांकडे न्या. आजाराची सुरुवात असलेला माड उभा ठेवणार असाल, तर बुडापासून चार फुटांवर, दोन फूट खोल आणि एक फूट रुंद चर त्याच्याभोवती काढतात. 12 इंची बकेटने तो एका दमात निघतो.

प्रश्न : संगमेश्वरला डोंगरउतारावरची अकेशिया तोडली. बुंधे काढून जागा साफ करावी म्हणतो. कोणते यंत्र?

उत्तर : उतार चालताना दम लागावा इतका असेल, तर कोणतेच नाही. तोडलेल्या झाडांची मुळे दोन-चार पावसाळे तरी माती धरून ठेवतात. ती उपटली की भुसभुशीत खड्ड्यांत पाणी मुरते आणि कोकणच्या जुलैत तोच उतार खाली येऊ शकतो. बुंधे जमिनीसरशी कापा, फुटवे आले की दर दोन महिन्यांनी तोडा आणि मधल्या जागेत लागवड करा. फक्त वाटेच्या आड येणारे बुंधे काढायचे असतील, तर बुंधे कुरतडणारे स्टंप ग्राइंडर वापरा. ते जमिनीखाली 20-30 सेंटिमीटरपर्यंत लाकडाचा भुसा करते, बाकीची मुळे जागेवर राहतात. हलक्या उतारावर यंत्र न्यावेच लागले, तर चेन उताराच्या दिशेने सरळ ठेवा, आडवी नको. उचललेला बुंधा उताराच्या खालच्या अंगाला फिरवू नका आणि खाली राहणाऱ्यांना त्या दिवशी आधी कळवा.